प्रोग्रेसिव्ह रॉकमधलं सगळ्यात महत्त्वाचं गाणं कोणतं? (भांडायची तयारी ठेवूनच या)

आठसेकंद

परवा एका मित्राशी वाजलं. त्याच्या मते प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) म्हणजे पिंक फ्लॉइड हा एकच गट, बाकी सगळे लिंबूटिंबू. तिथे फारसं बोललो नाही, पण घरी आल्यावर यादी करत बसलो. आवडत्या गाण्यांची यादी नाही ही, आधीच सांगतो. माझी कसोटी एकच: हे गाणं झालंच नसतं तर पुढची किती गाणी अडली असती?

या कसोटीवर पहिला नंबर किंग क्रिमसनच्या 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन'चा. दुसऱ्या नंबरात आणि त्याच्यात बरंच अंतर आहे. ऑक्टोबर १९६९. बीटल्स फुटल्याचं जगाला अजून कळलेलं नाही. इंग्लंडमधली पाच पोरं, त्यातला पीटर सिनफील्ड तर तबकडीवर मुख्यतः शब्द लिहिणारा, आपल्या पहिल्याच तबकडीची सुरुवात या गाण्याने करतात. ग्रेग लेकचा आवाज मुद्दाम चिरफाळलेला. मग सॅक्सोफोन आणि रॉबर्ट फ्रिपची गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जातात. आणि मधे तो तुकडा: सगळे एकदम वाजवतात, एकदम थांबतात, परत तुटून पडतात. त्या थांब्यांमधली शांतता ऐका. कुणाचं बोट क्षणभरही मागेपुढे होत नाही. रॉकमध्ये इतकी शिस्त आणि इतका राग एकत्र ऐकायची लोकांना सवयच नव्हती.

दुसरं, येस या गटाचं 'क्लोज टू द एज' (१९७२). तिसरं, जेनेसिसचं 'सपर्स रेडी', तेही १९७२चंच. चौथं, फ्लॉइडचं 'एकोज' (१९७१). पाचवं, जेथ्रो टलचं 'थिक अ‍ॅज अ ब्रिक', पुन्हा १९७२. काय वर्ष होतं!

या आता.

साडेतीन_मिनिटं

आलो. तुमच्या पाचांपैकी चार गाणी अठरा मिनिटांच्या वरची आहेत, त्यातलं एक तर त्रेचाळीस मिनिटांचं. महत्त्व मोजताय की लांबी?

लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. 'क्लोज टू द एज', 'एकोज', इमर्सन लेक अँड पामरचं 'टार्कस', रशचं '२११२', या सगळ्यांनी एकेक अख्खी बाजू व्यापली आहे. कलेची गरज म्हणून सगळ्यांना नेमकी वीस मिनिटंच लागली? भांडं केवढं आहे ते बघून कालवण वाढवलंय, दुसरं काही नाही.

माझं उत्तर: येसचंच 'राउंडअबाउट' (१९७१). आठेक मिनिटांचं गाणं, रेडिओसाठी कापून साडेतीन मिनिटांच्या आत बसवलं, आणि अमेरिकेत तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं. या संगीताची ओळखच लाखो लोकांना त्या कापलेल्या तुकड्याने झाली. आणि चाळीस वर्षांनी एका जपानी ॲनिमे मालिकेच्या शेवटी ते वाजलं, तेव्हा ज्यांचे आईबाप १९७१ साली जन्मलेही नव्हते अशी पोरं ते गिटारचं पहिलं वळण गुणगुणायला लागली. याला म्हणतात महत्त्व.

दुसरी_बाजू

भांड्याचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. सुनीताला चौदाच ओळी असतात म्हणून कवीने मोजूनमापून लिहिलं असं आपण म्हणतो का? वीस मिनिटं मिळाली, त्यांचं काय केलं ते बघा ना.

'क्लोज टू द एज' सुरू होतं पाण्याच्या आणि पाखरांच्या आवाजाने, मग एकदम स्टीव्ह हाऊची गिटार अशी कोसळते की पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं तबकडी बिघडली. शेवटी सगळं शमतं आणि परत तेच पाणी, तीच पाखरं. मधे चार भाग, आणि तिसऱ्या भागात रिक वेकमनचा चर्चमधला खराखुरा पाइप ऑर्गन. गाणं तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित करून फीत जोडत नेलं होतं, तरी ऐकताना सांधा सापडत नाही. हे जमवल्यावर ड्रमर बिल ब्रूफर्ड येस सोडून गेला, तो थेट किंग क्रिमसनमध्ये. आपल्या गटाचं सगळ्यात मोठं काम उरकून माणूस शिखरावरून उतरतो आणि शेजारचा डोंगर चढायला लागतो.

माझ्यासाठी पहिला नंबर हाच. 'स्किझॉइड मॅन' दार उघडतो हे खरं, पण घर येसने बांधलं.

साडेतीन_मिनिटं

आणि त्या घरात राहायला किती जण गेले?

सातवी_मात्रा

पॉपकॉर्न घेऊन बसले होते, पण पिंक फ्लॉइडच्या 'मनी'चं नाव कुणीच काढत नाही म्हटल्यावर राहवेना.

'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) अमेरिकेच्या यादीत सातशेहून जास्त आठवडे होती. तिच्यातलं हे गाणं सात मात्रांत आहे, आणि ते ऐकताना लोक मजेत पाय हलवतात. बहुतेकांना आपण सातात हलतोय याचा पत्ताच नसतो! सुरुवातीची नाण्यांची, गल्ल्याची खणखणसुद्धा फितीचे तुकडे मोजून कापून, जोडून, गोल फिरवत वाजवलेली आहे. म्हणजे तालाचा सांगाडाच त्या आवाजांचा. मग गिटारच्या सोलोला ताल चारात येतो आणि एकदम मोकळं वाटतं, मग पुन्हा सात. अवघड गोष्ट सोपी करून लोकांच्या गळी उतरवणं हे 'सपर्स रेडी'तल्या नऊ मात्रांपेक्षा मोठं काम आहे असं माझं मत.

आठसेकंद

@सातवी_मात्रा, 'सपर्स रेडी'वर हा अन्याय आहे. त्या भागात ड्रम आणि बास नऊ मात्रा धरून बसलेत आणि जेनेसिसच्या टोनी बँक्सचा ऑर्गन त्यांना न जुमानता स्वतःच्याच हिशोबाने चाललाय. सम कुठे आहे ते सांगून दाखवा! आणि हे सगळं मिरवायला नाही. गाण्यात तिथे प्रलय चाललाय, पायाखालची जमीन सरकलीच पाहिजे. मग पीटर गॅब्रिएलचा आवाज परत येतो आणि अंगावर काटा येतो. तेवीस मिनिटं त्या एका क्षणासाठी खर्ची घातलीत, आणि ती वसूल होतात.

'मनी' थोर आहेच. पण तिच्यामुळे कोण नवीन वाट चालायला लागलं? गाजली खूप, गोत्र पुढे चाललं नाही.

तिरका_ठेका

गोत्राच्या गप्पा चालल्यात आणि १९७५च्या पुढचं एकही गाणं कुणी उमेदवार म्हणून धरत नाही. वा!

रशचं '२११२', १९७६. आधीची तबकडी आपटलेली, कंपनी म्हणतेय छोटी, सुटसुटीत गाणी द्या. या तिघा कॅनेडियनांनी काय दिलं? वीस मिनिटांचं अंतराळकथेचं गाणं, आणि तेही तबकडीच्या सुरुवातीलाच. ती चालली नसती तर कारभार आटोपला असता. चालली. जड गिटारी आणि लांबलचक गोष्ट एकत्र नांदू शकतात हे या गाण्याने सिद्ध केलं. ड्रीम थिएटरचं १९९२चं 'पुल मी अंडर' त्याच झाडाचं फळ. आज 'प्रोग' म्हणून जे जिवंत आहे, तरुण पोरं वाजवतायत, त्यातलं अर्धं या रांगेतलं आहे. धागाकर्त्याची स्वतःची कसोटी लावली तर '२११२' पहिल्या तिघांत हवं. लावा की.

आणि टूल या गटाचं 'लॅटरलस' (२००१). शब्दांची अक्षरं मोजा: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, मग उलट. फिबोनाचीचे आकडे, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज.

दुसरी_बाजू

त्या आकड्यांना फिबोनाचीचे का म्हणायचं हाही एक वेगळा धागा होईल. मात्रावृत्तांत लघु-गुरूंच्या किती रचना होतात हे मोजताना हेमचंद्राने तेच आकडे त्याच्या आधी मांडले होते. म्हणजे अक्षरं मोजून ओळी रचणारे टूलवाले नकळत मूळ ठिकाणीच परतले.

पण मोजून बसवलं म्हणून गाणं महत्त्वाचं होत नाही. 'लॅटरलस' चांगलं आहे ते ड्रममुळे.

चांदणी_रात्र

सगळ्यांचं वाचतेय. इंग्लंड, इंग्लंड, इंग्लंड, थोडं कॅनडा. आणि गाणारे सगळे बाप्ये.

इटलीचं काय? प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनीचं 'इम्प्रेसिओनी दि सेत्तेम्ब्रे' १९७१चं आहे आणि जेमतेम साडेचार मिनिटांचं. कडवी गायलेली, आणि ध्रुवपदाच्या जागी शब्दच नाहीत, फक्त मूग सिंथेसायझरची धून. एवढ्या थोड्या जागेत एवढा उमाळा कसा मावतो ते मला अजून कळलेलं नाही. लांबीच्या वादाचंही हे उत्तर आहे, दोन्ही बाजूंना. तिकडे फ्रान्सच्या माग्माने तर गाण्यासाठी स्वतःची भाषाच तयार केली.

आणि रेनेसान्स. 'मदर रशिया', १९७४, रशियन लेखक सोल्झेनित्सिनवरून सुचलेलं. शब्द बेटी थॅचरचे, आवाज अ‍ॅनी हॅस्लमचा. शेवटी तो आवाज शब्द सोडून नुसता वर चढत जातो तेव्हा वाद्यवृंदाला त्याच्या मागे जावं लागतं. पहिल्या पाचांत धरा असं मी म्हणत नाही, पण इतक्या प्रतिसादांत नावही येऊ नये?

आठसेकंद

@चांदणी_रात्र, शरमलो. 'मदर रशिया' मला कसं आठवलं नाही? इटलीबद्दल मात्र एक भर: व्हॅन डर ग्राफ जनरेटर हा इंग्लिश गट स्वतःच्या देशात फारसा चालला नाही, पण 'पॉन हार्ट्स' (१९७१) इटलीत पहिल्या क्रमांकावर गेली. तिच्यातलं 'अ प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स' म्हणजे दीपगृहात एकट्या पडलेल्या माणसाची तेवीस मिनिटं. रात्री दिवे घालवून ऐकू नका.

@तिरका_ठेका, पकडलंत. माझीच काठी माझ्याच पाठीत. विचार करतो.

साडेतीन_मिनिटं

विचार करा तोवर मी एक खडा टाकतो. १९७६-७७ला पंक आलं आणि या सगळ्या दीपगृहांचे दिवे विझले. सेक्स पिस्टल्स या पंक गटाचा गायक जॉनी रॉटन, त्याच्या अंगात फ्लॉइडचा द्वेष करतो असं लिहिलेला शर्ट होता. अडीच मिनिटांत तीन स्वर. सगळ्यात महत्त्वाचं प्रोग्रेसिव्ह गाणं ते, ज्याला वैतागून पंक जन्मलं. कोणतं ते तुम्हीच ठरवा, उमेदवार भरपूर आहेत.

दुसरी_बाजू

त्याच जॉनी रॉटनला १९७७ साली लंडनच्या एका रेडिओ केंद्राने आवडीची गाणी लावायला बोलावलं, तेव्हा त्याने पीटर हॅमिलची गाणी लावली. म्हणजे वर उल्लेख झालेल्या व्हॅन डर ग्राफचा गायक. शर्ट एक, कपाट वेगळं.

साडेतीन_मिनिटं

हे माहीत नव्हतं. एक गुण तुम्हाला.

जुना_भिडू

उशिरा आलो. 'स्टारलेस'चं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लॉगिन करावं लागलं. किंग क्रिमसन, १९७४, बारा मिनिटं. आधी मेलोट्रॉनवरची ती उदास चाल. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक तुकडा असतो, पट्टी दाबली की तो वाजतो, आणि आठेक सेकंदांत संपतो. धागाकर्त्याचं नाव कशावरून आलं ते आत्ता उमगलं!) मग सगळं उतरतं. बास तेरा मात्रांत फिरत राहते आणि फ्रिप एकच स्वर वाजवतो. एकच. मग हळूच तो स्वर किंचित वर सरकतो. मिनिटामागून मिनिटं जातात, बाकीचे गरम होत जातात, हा आपला एकाच स्वरावर. आणि बांध फुटतो तेव्हा पहिली चाल परत येते, पण आता तीच चाल ऐकवत नाही.

ती तबकडी बाजारात येण्याआधीच फ्रिपने गट मोडला होता. पुढे काय अडलं असतं वगैरे मला कळत नाही. यापुढे काही करण्यासारखं त्या पद्धतीत उरलंच नाही, हा माझा मुद्दा.

आठसेकंद

@जुना_भिडू, 'स्टारलेस' माझ्या आवडीच्या यादीत पहिलं आहे. म्हणून इथे नाही.

सगळ्यांचं ऐकून यादी अशी बदलतोय. 'स्किझॉइड मॅन' पहिलं, हलणार नाही. 'क्लोज टू द एज' दुसरं. '२११२' तिसरं, @तिरका_ठेका, खूश? 'सपर्स रेडी' चौथं. पाचव्या जागेसाठी 'एकोज' आणि 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' भांडतायत.

तिरका_ठेका

खूश. आणि 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' काढा, ती तर टिंगल आहे. जेथ्रो टलचा इयन अँडरसन स्वतःच सांगतो की लांबलचक, गंभीर तबकड्यांची फिरकी घ्यायला ती केली. बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र वेष्टन म्हणून, आणि शब्द म्हणे एका आठ वर्षांच्या पोराने लिहिलेत. असलं कोणी पोर नव्हतंच.

आठसेकंद

टिंगल आहे म्हणूनच ठेवतोय. मार्च १९७२. 'क्लोज टू द एज' नाही, 'सपर्स रेडी' नाही, दोन्ही त्याच वर्षी पण नंतर आली. ज्याची नक्कल केली ते पूर्ण वयात यायच्या आधीच नक्कल बाजारात, आणि तीही इतकी सुरेख की अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर! आणि टिंगल म्हणून कितीही सुरू झालं असेल, पहिल्या तीन मिनिटांतली ती साधी गिटार ऐका. तिथे कोणी हसत नाहीये.

'एकोज' सहावं. उगाच नाही काढलं. रिक राइटचा पियानोचा तो एकच टिंब, पाण्यात पडल्यासारखा, त्यासाठी मी भांडेन. पण ताल शेवटपर्यंत सरळ चारांचा, आणि त्या वाटेने पुढे गेले ते बहुतेक स्वतः फ्लॉइडच.

सातवी_मात्रा

म्हणजे आता पहिल्या पाचांत पिंक फ्लॉइड नाहीच. मित्राला धागा दाखवलात का?

आठसेकंद

दाखवला. त्याने फक्त माझा पहिला प्रतिसाद वाचला. म्हणाला, 'चौथा का?'