तुमचं मांजर घरात असतं की बाहेर? अनुभव सांगा की

शहापूरकरीण
काल भाचीकडं बेळगावातच टिळकवाडीला गेलते. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी आणि तिचं मांजर जाळीला नाक लावून खालच्या मासेवालीकडं बघत बसलेलं. मासेवाली गेली तरी बघूलालंय. मला एकदम आमची मनी आठवली. शहापुरात आमचं जुनं कौलारू घर, मनी रात्रभर कौलांवर. दरवर्षी मिरगाच्या पहिल्या पावसात नेमकी देवघरावर धार लागायची, बाबा शिडी लावून सरकलेली कौलं सरळ करत मनीला शिव्या घालायचे आणि ती खाली पायरीवर पाय चाटत ऐकून घ्यायची. तिला आत कोंडावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग 1994 च्या दिवाळीआधी एका सकाळी परड्यातून झोकांड्या खात आली, तोंडाला फेस. कुणीतरी गोडाऊनात उंदराचं औषध टाकलेलं. उंदीर खाल्ला का पूडच तोंडाला लागली देव जाणे. आईनं ताक पाजलं, दुपारी गेली. त्यानंतर मी मांजर पाळलं नाही. आता भाची म्हणते मावशी आण की एक, खरं घरातच ठेव. मला काही ठरवता येईना. तुमच्याकडं कसं आहे?

वडगावचा माग
आमच्यात आतच. हौस म्हणून नव्हे, घरात चार माग आहेत आणि उंदरं ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, कुरतडत्यात, एका रात्रीत सगळं बीम वाया. आमची काळी मांजरी बॉबिनच्या पोत्यावर झोपते, मागांचा एवढा खडखडाट चाललेला असतोय तरी डोळा उघडत नाही. खरं लाईट गेली, माग थांबले की दचकून उठते आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बसते काय झालं म्हणून 😄

सीमावासी बोका
आमचं गाव कोगनोळीच्या पुढं. आमचा बोका सकाळी कर्नाटकात दूध पितो आणि दुपारी ओढा ओलांडून महाराष्ट्रात मटण खाऊन येतो. कोरोनात नाक्यावर आम्हाला अडवूलालते, ह्याला कुणी आरटीपीसीआर विचारली नाही.

बेकू अम्मा
@सीमावासी 😂😂 आमचीला दोन नावं आहेत. आमच्यात राणी. शेजारच्या अज्जी कन्नड, त्या चिन्नी म्हणत्यात. दोन्हीकडं जेवते. सहा महिने दोघी म्हणत होतो ही खातच नाही नीट, वाळली बिचारी, म्हणून दोघी जास्त घालत होतो. आता दारातून आत मावेना.

रिटायर गुरांचा डॉक्टर
शहापूरकरीणताई, वाईट वाटलं. ती काळ्या पुडीची केस असणार, पोटात गेल्यावर विषारी गॅस तयार होतो, वेळच मिळत नाही. हल्लीच्या निळ्या-गुलाबी वड्यांचं वेगळं, त्यानं रक्त गोठायचं थांबतंय आणि दोन-चार दिवसांनी कळतंय, त्याला व्हिटॅमिन के चा उपाय आहे. काहीही असो, घरात दूध ताक पाजत बसू नका, पाकीट सापडलं तर ते घेऊन सरळ दवाखाना गाठा. आणि माणसाची पॅरासिटामॉल मांजराला चुकूनसुद्धा नको, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. मी नोकरीत बघितलंय, "ताप होता म्हणून दिली" म्हणत रडत आलेली माणसं.
आत-बाहेरचं विचाराल तर बोक्याचं पाच-सहा महिन्यांत ऑपरेशन करा. निम्मं भटकणं, निम्मी भांडणं तिथंच संपत्यात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. आतल्या मांजरालासुद्धा, कारण दार कधीतरी उघडं राहतंयच.

खानापूरची सून
आमच्याकडं आत-बाहेर हा प्रश्न बिबट्या सोडवतो. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांचा नियम ऐकून हसले होते, दिवे लागायच्या आत कुत्री मांजरं पडवीत आणि कडी. गोठ्याजवळ पंजा बघितला त्या दिवसापासून कडी मीच घालते. दिवसभर भाताच्या खळ्यात लोळूदे, कोण काय म्हणत नाही. एकदा फुरसं, विषारी साप, आणून माझ्या पायाशी टाकलंन, जिवंत. जेवायचं म्हणून की शिकवायचं म्हणून काय की.

नुसतीच_वाचते
फुरसं?? मी आजपासून मांजर आतच ठेवणार

उद्यमबाग शिफ्ट बी
आत ठेवणाऱ्यांनी एक सांगा, शी-शूचं काय करता? ते पाकिटातलं लिटर परवडत नाही. मी फाउंड्रीत आहे. मोल्डिंगच्या रेतीत आम्ही बेंटोनाईट माती घालतो, ओली केली की मूठ वळते तशी. बायकोनं लिटरचं पाकीट आणलं, मागं वाचतोय तर तीच बेंटोनाईट! म्हणजे मी दिवसभर पगार घेऊन जे चाळतो तेच घरी येऊन फुकट चाळूलालोय.

वडगावचा माग
@उद्यमबाग मग कंपनीतनंच आण की पोतं

उद्यमबाग शिफ्ट बी
जळकी रेती नको वो, काळी राख असते, मांजर पाय चाटतंय. साधी नदीची चाळून उन्हात वाळवलेली चालते, खरं रोज काढावी लागते.

सातवा महिना
रोज काढायचं यावरून. मला दिवस गेल्यावर सासूबाईंनी मांजर सोडून या म्हणून धोसरा लावला. डॉक्टरीण बाईंनी शांत केलं. म्हणाल्या पोटातल्या बाळाला बाधणारा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या शीमधून पडल्यावर लगेच लागत नाही, एक दिवस तरी जावा लागतो, म्हणून पेटी रोज साफ करा आणि तुम्ही नको, नवऱ्याला सांगा. आणि उलट बाहेर उंदीर खाऊन येणाऱ्या मांजराला तो जास्त असतो. कच्चं मटण, न धुतलेली भाजी पण सांभाळा म्हणाल्या. आता नवरा रोज नाकाला रुमाल बांधून पेटी काढतो, जणू काय जळती कढई उचलूलालाय. मांजर शेजारी बसून देखरेख करतं.

बेकू अम्मा
@सातवा महिना व्हिडिओ टाक की ग

नणंद परदेशी
नणंद कॅनबेराला असते. तिकडं कायदाच आहे, 1 जुलै 2022 ला किंवा त्यानंतर जन्मलेलं मांजर आवाराबाहेर सोडायचंच नाही, पक्षी आणि तिथले छोटे प्राणी मारतात म्हणून. तिनं अंगणात जाळीचा पिंजरा बांधून घेतलाय खोलीएवढा. सासूबाई जाऊन आल्या, म्हणाल्या मांजराला आमच्या पुण्याच्या फ्लॅटपेक्षा मोठी जागा आहे.

चिकोडी नदीकाठ
2019 च्या पुरात आम्ही रात्री घर सोडलं, गुरं सोडवली, मांजर सापडलंच नाही. बाहेर हिंडणारं, कुठं शोधणार. पाणी उतरल्यावर आलो तर माळ्यावरच्या तुळईवर बसलेलं, हाडं दिसत होती, हाक मारली तर आवाज फुटेना, नुसतं तोंड उघडत होतं. आत असतं तर पाटीत घालून नेलं असतं. बाहेरचं नसतं तर तुळईवर चढायची सवय नसती. मी तरी काय सांगू.

शहापूरकरीण
@चिकोडी नदीकाठ वाचून पोटात कालवलं हो. अजून आहे का?

चिकोडी नदीकाठ
आहे की. म्हातारं झालंय. आता चुलीपासून हलत नाही.

नुसतीच_वाचते
टिळकवाडीत गॅलरीला जाळी मारणारा कोण असला तर सांगा, आमचं चौथ्या मजल्यावर कठड्यावरून चालतं आणि मी खाली बघत नाही

उद्यमबाग शिफ्ट बी
शहापूरकरीणताई, चाळलेली रेती पायजे असली तर रविवारी अर्धं पोतं आणून देतो. बदल्यात कुंदा.

शहापूरकरीण
अहो अजून मांजर आणलं नाही!
पोतं ठेवा बाजूला.