रात्रीच्या नाटकाचं शूटिंग: साठ हजारांत बॉडी मोठी घ्यावी की लेन्स?

वैनगंगाकाठ:
पूर्व विदर्भाच्या वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात दिवाळीनंतरच्या मंडई-जत्रांपासून होळीपर्यंत रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं टिपायची आणि हातात साठ हजार, तर फुल-फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा, नाद सोडा. जुनी एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरची, बॉडी (लेन्सशिवाय नुसता कॅमेरा) घ्या, उरलेला पैसा एफ १.८ किंवा १.४ च्या लेन्सला लावा (एफचा आकडा लहान, तेवढा प्रकाश जास्त). कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स झूम केली की एफ ५.६ वर जाते. १.८ वर तिच्या साडेनऊ पट प्रकाश येतो, म्हणजे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवली की चित्र दाणेदार) १२८०० च्या जागी १३०० च्या आसपास भागतं. फुल-फ्रेम सेन्सर एपीएस-सीच्या साधारण अडीच पटच मोठा असतो. त्यावर एफ ४ ची स्वस्त लेन्स चढवली की तो फायदा गेलाच.

मागची_रांग:
हिशेब कागदावर ठीक. पण ५० मिमीची लेन्स एपीएस-सीवर १० मीटरवरून फक्त ४.७ मीटर रुंदी पाहते. खलनायक विंगेतून शिरला तर तो फ्रेममध्ये येईपर्यंत शिट्ट्या थांबलेल्या असतात. मंडपाच्या धुळीत लेन्स कोण बदलणार? एकट्या माणसानं एक इंची सेन्सरचा, पॉवर झूमवाला कॅमकॉर्डर घ्यावा.

वैनगंगाकाठ:
एक इंची सेन्सर एपीएस-सीच्या एक तृतीयांश भरतो, आणि झूम ताणला की त्याचंही अॅपर्चर बारीक होतं, म्हणजे प्रकाश कमी येतो. दु:खाचा प्रवेश, निळा उजेड, अन् चेहऱ्यावर नुसती दाणेदार खिचडी. त्यापेक्षा ३० मिमी एफ १.४ लावा, १० मीटरवरून पावणेआठ मीटर रुंदी मिळते. फोर-केमध्ये घ्या, एडिटिंगला फुल एचडीत कापा, की दुप्पट झूम हातात. किंमत मेमरी कार्डात मोजावी लागते: १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी, सहा तासांच्या नाटकाला २७०.

गोंडपिपरीवाला:
राजेहो, कॅमेऱ्यावरून भांडून राह्यले, अन् लाईटवाल्याशी कोणीच बोलत नाही! चेहऱ्यावर नुसता निळा एलईडी पार (रंगमंचाचा गोल दिवा) मारला तर लाख रुपयाचा कॅमेरा असो, निळा चॅनल भरून जाते अन् नाक-डोळे सपाट होतात. समोरून लावायला एक वॉर्म व्हाईट पार त्याच्याकडं मागा. शटर १/५०, २५ फ्रेम, व्हाईट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. जनरेटरवर लोड बदलला का विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर राहत नाही, मग चित्रात हॅलोजनचे पट्टे हळूहळू सरकतेत. स्वस्त एलईडीचे पट्टे वेगळे, ते डिमरमुळे येतेत. तिथं शटर थोडं-थोडं हलवूनच पाहा लागते.

मागची_रांग:
लाईट नाटक कंपनीचा, प्रेक्षकांसाठी लावलेला. शूटिंगवाल्याच्या सांगण्यावर तो बदलेल या भरवशावर कॅमेरा निवडता येत नाही. विनंती करून पाहावी, मिळाला तर बोनस.

सावली_रोड:
वाद लेन्सचा असला तरी फसगत बॉडीतच होते. सोनी ए६३०० आणि ए६४०० शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, पण ए६३०० एकोणतीस मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबवते. ए६४०० ला ती मर्यादा नाही. कॅनन २००डी मार्क टूही अर्ध्या तासाच्या आत थांबते, शिवाय फोर-केमध्ये चित्र बरंच कापते आणि तिथं तिचा चांगला ऑटोफोकस चालत नाही.

नागपूरच्या बर्डीवर जुनी बॉडी पाहताना कॅप लावून, आयएसओ ६४००, शटर १/५० वर मिनिटभर रेकॉर्ड करा. स्क्रीनवर पांढरे-लाल ठिपके एका जागी टिकून दिसले तर सेन्सरचे हॉट पिक्सेल आहेत, भाव पाडा किंवा सोडा. फोटो किती काढलेत याचा आकडा व्हिडिओवाल्यानं फार मनावर घेऊ नये. कार्डाचं दार आणि एचडीएमआय पोर्ट ढिले आहेत का ते पाहा.

ए६४०० ची बॅटरी व्हिडिओत तास-सव्वा तास जाते. डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारी, बाहेरून वीज घेणारी) लावा, पण तिचा अॅडॉप्टर थेट जनरेटरवर नको, मध्ये इन्व्हर्टर हवा. करंट अचानक गेला तर चालू फाईल बिघडू शकते. मेन्यूत तापमानाचं ऑटो पॉवर ऑफ हाय करून ठेवा, म्हणजे तापला तरी कॅमेरा लवकर बंद पडत नाही. आणि पौष-माघात पहाटे लेन्सवर दव बसतं, हूड लावा, सुती फडकं जवळ असू द्या.

मागची_रांग:
डमी बॅटरी, इन्व्हर्टर, २७० जीबी मावेल एवढी कार्डं, एडिटिंगला तेवढं पेलणारा कॉम्प्युटर. हे सगळं धरून साठ हजारांत बसतं का, ते आधी मांडा भाऊ.

वैनगंगाकाठ:
नाही बसलं तर फुल एचडी, ५० एमबीपीएस, १३५ जीबी. मग मात्र कापाकापी नाही, आणि ३० मिमीऐवजी मधल्या अंतरावर ५० घेऊन मुख्य जोडीवरच लक्ष ठेवावं लागेल. १० मीटरवर एफ १.८ ला पावणेनऊ ते साडेअकरा मीटरपर्यंत फोकस टिकतो, तेवढ्यात दोघं मावतात.