मदत हवी आहे: श्वासातला असिटोन मोजताना बाष्प आडवं येतंय

ऐरोलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. मधुमेहात आणि उपाशीपोटी श्वासातला असिटोन वाढतो, तो सेन्सरने टिपायचा असा प्रोजेक्ट घेतलाय. रोगनिदानाचा दावा नाही, रुग्णांवर चाचणीही नाही. फक्त उपाशी आणि जेवल्यावरचा फरक दिसला तरी पुरे.

अडचण अशी की निरोगी माणसाच्या श्वासात असिटोन साधारण १ पीपीएमच्या (दहा लाखात एक भाग) आतच असतो आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एमक्यू-१३८ हा स्वस्त गॅस सेन्सर इतक्या खाली नीट चालत नाही. त्यात श्वास बाष्पाने भरलेला. नुसत्या कोमट पाण्याची वाफ दिली तरी रीडिंग उडी मारतं, आणि पावसाळ्यातली ऐरोलीची हवा वेगळीच! सिलिका जेल लावून पाहिलं, पण ते बाष्पाबरोबर असिटोनही शोषतं. नॅफिऑनच्या (हवेतलं बाष्प काढणाऱ्या) नळीतही असिटोनसारखे किटोन निसटतात असं वाचलं, म्हणून ती घेतली नाही. सॅनिटायझर, माउथवॉश चाचणीआधी बंदच ठेवतो. तापमान-आर्द्रतेचा वेगळा सेन्सर जोडलाय, पण बाष्पामुळे चुकलेलं रीडिंग दुरुस्त करायला आधी खात्रीचं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या प्रमाणाच्या गॅसवर सेन्सर जुळवून घेणं) हवं, आणि तिथेच गाडी अडलीय. १० लिटरच्या पिशवीत १ पीपीएम करायला द्रव असिटोन जेमतेम ०.०३ मायक्रोलिटर लागतो. तो आमच्याकडच्या सिरिंजने मोजणं अशक्य.

कॉलेजात गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नाही, खर्च पाच-सहा हजारांच्या आत बसवायचाय.

पाण्यात पातळ केलेल्या असिटोनच्या द्रावणावरची हवा वापरून १ ते ५ पीपीएमचं, तेही श्वासाइतकंच दमट मिश्रण कुणी केलंय का? द्रावण किती पातळ आणि कुठल्या तापमानाला ठेवलं होतं? की रबाळे-महापे एमआयडीसीत कुणी तयार कॅलिब्रेशन गॅस थोड्या प्रमाणात देतं?