अणुऊर्जेच्या बाजूचा हरित पक्ष : नोंदणी आणि जाहीरनामा

गोदाकाठ
नाशकात छोटा हरित पक्ष काढायचं घाटतंय. गोदावरीतलं सांडपाणी, तपोवनातली झाडं, कचरा डेपो यांवर सगळ्यांचं एकमत आहे, पण अणुऊर्जेला पाठिंबा द्यायच्या कलमावर गाडी अडते. नोंदणीचा अर्ज नेमका कुठे लटकतो? आणि हरित म्हणवून अणुऊर्जेची बाजू घेणारा पक्ष कुठे आहे का? एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राबद्दल जाहीरनाम्यात काय लिहावं?

कागदपत्रवाला
लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम २९अ. स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज निवडणूक आयोगाकडे पोचायला हवा. त्यामुळे आधी कागद जमवा, मग स्थापनेची सभा घ्या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. १० हजारांचा डिमांड ड्राफ्ट लागतो, तो परत मिळत नाही. किमान १०० मतदार सदस्य हवेत, आणि प्रत्येकाचं 'मी दुसऱ्या कुठल्याही पक्षाचा सदस्य नाही' असं प्रतिज्ञापत्र. घोळ इथेच होतो. कुणीतरी कधीतरी मिस्ड कॉल देऊन मोठ्या पक्षाचा सदस्य झालेला असतो आणि विसरलेला असतो. म्हणून १०० वर थांबू नका, सवाशे गोळा करा.
पक्षघटनेत २९अ(५) मधली राज्यघटनेवरच्या निष्ठेची वाक्यं जशीच्या तशी घ्या, आपल्या सुंदर मराठीत फिरवून लिहू नका. पाच वर्षांत निवडणूक लढवण्याची हमीही लागते.
अणुऊर्जेचं कलम पक्षघटनेत मुळीच घालू नका. ते जाहीरनाम्यात. धोरण बदललं तर घटनादुरुस्तीचा व्याप नको.

युरेनियमची_गोष्ट
फिनलंड पाहा. तिथल्या हरित पक्षाने अणुभट्ट्यांच्या परवानग्यांवरून २००२ आणि २०१४ अशा दोन वेळा सरकार सोडलं, आणि मे २०२२ च्या योएनसूच्या अधिवेशनात अणुऊर्जेला पाठिंबा दिला. जर्मनीच्या हरितांनी मात्र विरोध सोडला नाही; तिथल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या.
पण फिनलंडचा दाखला देताना तिथली ओल्किलुओटो-३ ही अणुभट्टी लपवू नका. २००५ ला बांधकाम सुरू, २००९ ला वीज मिळणार होती, नियमित उत्पादन एप्रिल २०२३ ला. जैतापूरला योजलेल्या सहा अणुभट्ट्या (एकूण ९,९०० मेगावॅट) याच ईपीआर (युरोपीय दाबयुक्त पाण्याची अणुभट्टी) जातीच्या आहेत. विरोधक हा मुद्दा काढणारच, तेव्हा खर्च आणि विलंब तुम्हीच आधी लिहा.

गोदाकाठ
मग एकलहऱ्यात कोळशाच्या जागी अणुभट्टी, असं लिहिलं तर?

युरेनियमची_गोष्ट
अजिबात नको. अणुभट्टीभोवती किमान १ किमी मनुष्यवस्ती चालत नाही, आणि नाशिकरोडची दाट वस्तीही तिथून काही किलोमीटरवरच आहे. शिवाय थंड करायला गोदावरीचंच पाणी लागणार. एकलहऱ्याचे २१० मेगावॅटचे तिन्ही संच १९७९ ते ८१ दरम्यानचे. 'हे टप्प्याटप्प्याने बंद करा, आणि रात्रीची वीज कोळशाऐवजी ग्रीडमधल्या अणुवीजेतून घ्या' एवढंच म्हणा. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. परिसरातल्या मतदाराला कार्बनपेक्षा ही राख लवकर कळते.

कागदपत्रवाला
एक भर. अणुऊर्जा हा केंद्रसूचीतला विषय, त्यामुळे महापालिकेत त्यावर काही ठरत नाही. तिथे लढायचं तर राज्य निवडणूक आयोगाकडे वेगळी नोंदणी लागते, दिल्लीची पुरत नाही.
विधानसभेला सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह हवं असेल तर किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात. २८८ चे ५ टक्के १४.४, म्हणजे १५. नाशिक जिल्ह्यात जागा बरोबर १५! पण बागलाण, कळवण, दिंडोरी, इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी राखीव आणि देवळाली अनुसूचित जातींसाठी. शहरातल्या ओळखीच्या मंडळींवर ही यादी भरत नाही, जमातींतले चार उमेदवार आधी शोधा. अनामत खुल्या गटाला १० हजार, राखीवला ५ हजार: पाचही राखीव जागा धरून सव्वा लाख. प्रत्येक अर्जावर त्याच मतदारसंघातले १० सूचक लागतात, एकच नाही.