प्रश्नोत्तराचा तास बंद करा म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

वैतरणा

परवा 'मुळामुठा' यांनी इथे लिहिलं की विधिमंडळातला प्रश्नोत्तराचा तास बंदच करून टाकावा. माहिती अधिकार आहे, खात्यांची संकेतस्थळं आहेत. मग आमदारांनी विचारायचं आणि मंत्र्यांनी अधिकाऱ्याने दिलेला कागद वाचायचा, यावर लोकांचा पैसा कशाला? खाली भराभर 'सहमत' पडले. मला इतका संताप आला की प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

माहिती अधिकारात उत्तर देतो जन माहिती अधिकारी. कागदावर आहे तेवढं तो देणार. 'असं का केलं' हे त्याला विचारता येत नाही. नाही दिलं तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोगाच्या तारखेची वाट. सभागृहात मंत्री स्वतः उभा असतो. छापील उत्तर ही नुसती सुरुवात, खरी परीक्षा उपप्रश्नाला, म्हणजे त्या उत्तरावर लगेच तोंडी विचारलेल्या प्रश्नाला. तिथे अडखळला तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात, चुकीची माहिती दिली तर सभागृहाचा हक्कभंग केला म्हणून प्रस्ताव येतो, शब्द दिला तर तो पाळला का हे बघणाऱ्या आश्वासन समितीकडे जातो. यातलं काय माहिती अधिकारात आहे?

सप्टेंबर २०२० आठवा. करोनाचं कारण देऊन संसदेतला हा तास रद्द केला, फक्त लेखी उत्तरं ठेवली. १४ सप्टेंबरला लोकसभेत लेखी प्रश्न होता: टाळेबंदीत घरी निघालेले किती स्थलांतरित मजूर दगावले? कामगार मंत्रालयाचं उत्तर आलं, अशी आकडेवारी ठेवली जात नाही. त्याच वर्षी मे महिन्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले होते. आपल्या सगळ्यांना तो आकडा पाठ, सरकारकडे मात्र नोंद नाही. राज्यांकडून माहिती मागवली का, रेल्वेकडे विचारलं का, हे उभं राहून विचारायची सोयच उरली नव्हती. तास बंद झाल्यावर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

आणि १९५७ चं मुंदडा प्रकरण. आयुर्विमा महामंडळाचा पैसा एका उद्योगपतीच्या कंपन्यांत का गुंतवला, हे लोकसभेत लावून धरलं फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी काँग्रेसच्याच खासदाराने. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. स्वतःच्या पक्षाच्या मंत्र्याला असं विचारणारा आमदार आज दाखवा. दोष त्या माणसांचा आहे, तासाचा नाही.

मुळामुठा

१९५७ च्या पुढे या. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे. प्रत्येक अधिवेशनात कोकणातला कुणी ना कुणी आमदार विचारतो, प्रत्येक वेळी नवी तारीख मिळते, गणपतीत लोक पुन्हा त्याच खड्ड्यांतून गावी जातात. उपप्रश्न झाले, आश्वासनं झाली. रस्ता कुठे आहे?

आणि प्रश्न विचारायचे पैसे घेतात हे विसरलात का? डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना त्याच कारणासाठी काढून टाकलं. १९५१ साली खासदार मुदगल यांचं प्रकरणही तेच. जो तास विकला जातो त्याचं कौतुक मला सांगू नका.

शिवाय आता आमदारांनाच त्यात रस उरलेला नाही. सगळ्यांना लक्षवेधी सूचना हवी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी, कारण तिची बातमी होते. नागपूरला तर विचारूच नका. आठवडाभराचं अधिवेशन, शुक्रवारी विमानं पकडायची घाई, हुरडा पार्ट्या. सगळं मुंबईत करा, तेवढा खर्च तरी वाचेल.

मांडवीकाठी

आमच्या गोव्यात ४० आमदार. एलएक्यूचं, म्हणजे विधानसभेतल्या प्रश्नाचं, उत्तर आलं की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते. नगर नियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली किती जमीन रूपांतरित झाली, हे आम्हाला विधानसभेतल्या उत्तरांतूनच कळलं. त्यावर गावोगावी लोक उठले. उत्तर तोकडं असेल, पण छापून आलं की सरकारला ते नाकारता येत नाही.

टाचणी

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात टेबल सांभाळलेलं आहे. ही उत्तरं तयार कशी होतात ते मला विचारा.

अधिवेशन लागलं की रजा बंद. मंत्रालयातून तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, येणार आणि सोबतच्या पत्रात 'आज सायंकाळपर्यंत माहिती सादर करावी, विलंबाची जबाबदारी आपली राहील'. तालुक्यांना फोन, अर्ध्या तालुक्यांकडून 'निरंक'. एकदा प्रश्न आला: अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी नाही, हे खरे आहे काय, असल्यास पद भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय? खरंच नव्हता. वरून फोन आला. शेजारच्या केंद्रातल्या डॉक्टरच्या नावाने प्रतिनियुक्तीचा, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीचा, आदेश निघाला, त्यावर तारीख प्रश्नाच्या आधीची. उत्तर छापून आलं: 'हे खरे नाही.' पुढच्या दोन भागांना 'प्रश्न उद्भवत नाही.' अधिवेशन संपलं, डॉक्टर आपल्या जागी परत. त्या केंद्रात बाळंतपणासाठी आलेल्या बायकांना पुन्हा जीपमध्ये घालून तालुक्याला न्यावं लागलं.

वैतरणा, तुमचा हा तास आम्ही कारकुनांनी लिहिलेला असतो. आणि आम्हाला शिकवलेलं असतं की उत्तर असं लिही की उपप्रश्नच निघू नये.

शाळामास्तर

आमदारांना विचारायचंच असेल तर त्यांच्या पेन्शनचं विचारा. एकदा निवडून आलं की आयुष्यभर, २०१६ साली ती महिना ५० हजारांवर नेली. आम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलो म्हणून आम्हाला जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये संप केला. त्यांच्या पेन्शनसाठी कुणाला संप करावा लागला?

वैतरणा

मास्तर, मागणी रास्त आहे, पण इथला विषय तो नाही.

टाचणी, तुमचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. पण उपप्रश्न निघू नये याची एवढी काळजी खातं का घेतं, याचा विचार करा. ज्याला काही किंमत नाही त्याला कोण घाबरतं? त्या दिवशी सभागृहात एकाने जरी विचारलं असतं की डॉक्टर कोणत्या तारखेला रुजू झाला, हजेरीपट पटलावर ठेवणार का, तर मंत्र्याची काय अवस्था झाली असती?

आमच्या तालुक्यातली संध्याकाळची एसटी बंद झाली होती. कॉलेजातल्या मुली अंधारात चालत यायच्या, दोघींची नावं घरच्यांनी काढून घेतली. डेपोत निवेदनं दिली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी आमदारांच्या मागे लागून प्रश्न टाकायला लावला. छापील उत्तर यायच्या आधीच फेरी सुरू झाली, आणि ती टिकली. त्या मुलींपैकी एक आज नर्स आहे. मला कुणी हा तास फुकट आहे म्हणून सांगू नये.

मुळामुठा

म्हणजे एका एसटी फेरीसाठी राज्याच्या मंत्र्याला प्रश्न विचारावा लागतो! डेपो मॅनेजरने आपलं काम केलं असतं तर? तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय. ज्या गावाचा आमदार ऐकत नाही त्या गावाने कुणाकडे जायचं?

वर्धेकर

बाकी चर्चा चालू द्या. 'सगळं मुंबईत करा' या एका वाक्याचं उत्तर मला मुळामुठांना द्यायचं आहे.

नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती. ती सोडून आम्ही मराठी राज्यात आलो ते २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर विश्वास ठेवून. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, सरकार काही काळ इथे मुक्कामाला, हे त्यात लिहिलेलं आहे. तो खर्च नाही भाऊ, ती राज्यात येण्याची अट आहे. हुरडा आमदार खातात, त्याची शिक्षा विदर्भाला?

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं तेव्हा खर्च होता ३७२ कोटी. आता तो हजारो कोटींत मोजतात आणि कालवे अजून पुरे नाहीत. हे प्रश्न बी. टी. देशमुखांसारख्या आमदाराने विधान परिषदेत वर्षानुवर्षं आकड्यांनिशी विचारले, म्हणून अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली बाकी, हा शब्द तुम्हाला मुंबई-पुण्यात ऐकू तरी आला. मागास भागांसाठी १९९४ ला आलेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यानंतर आमच्याकडे उरलं काय, तर हे एक अधिवेशन. तेही काढून घ्या म्हणता?

मुळामुठा

काढून घ्या म्हणालो नाही, खर्च बघा म्हणालो. सहा दिवसांत तुमच्या अनुशेषावर किती वेळ चर्चा होते हे तुम्हीच सांगा. करार पाळल्याचं नाटक करण्यापेक्षा न पाळलेला बरा.

गोदाकाठ

वर्धेकर, तुम्हाला करारात शब्द तरी मिळाला. आम्ही मराठवाडावाले विनाअट आलो. आमच्याकडे अधिवेशन नाही. १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या, तोंडावर कधीतरी मंत्रिमंडळाची बैठक होते, पॅकेज जाहीर होतं, मंत्री जातात. पॅकेजचं पुढे काय झालं, हे विचारायला मुंबईलाच यावं लागतं. विदर्भ रडतो तेव्हा ऐकू जातं, आम्ही रडलो तर टँकर पाठवतात.

वर्धेकर

विदर्भ रडतो? शब्द जपून वापरा. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच नागपूरच्या अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला होता. आदिवासी म्हणून मान्यता द्या, एवढीच मागणी. दिवसभर रस्त्यावर बसले, मंत्री भेटायला आला नाही. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं मेली, त्यांत बायका आणि लेकरं जास्त. आदिवासी विकासमंत्र्यांनी राजीनामा दिला, स्मारक झालं, पण मागणी आजही तिथेच आहे. २०१८ ला नागपूर खंडपीठाने बाजूने निकाल दिला, २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आमच्याकडे लोक सरकारला भेटायला चालत येतात, कारण वर्षातून एकदाच सरकार चालत जाण्याच्या अंतरावर असतं. मुंबईला न्याल तर गडचिरोलीच्या माणसाने काय करायचं?

गोदाकाठ

गोवारींबद्दल मी एक अक्षर वाईट लिहिलेलं नाही. 'रडतो' हा शब्द मागे घेतो. बाकीचं म्हणणं कायम आहे, आम्हाला त्यातलं एवढंही मिळालेलं नाही.

मुळामुठा

गोवारींचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं, वर्धेकर. अधिवेशन शेजारी चालू होतं आणि तरी मंत्री रस्त्यावर आला नाही. सरकार जवळ असून काय उपयोग झाला?

आणि आता डिसेंबर २०२४ बघा. ३९ मंत्र्यांनी १५ तारखेला नागपुरात शपथ घेतली, १६ ला अधिवेशन सुरू झालं, २१ ला संपलं आणि खातेवाटप झालं त्यानंतर. कोणाकडे कोणतं खातं हेच ठरलेलं नव्हतं. आरोग्याचा प्रश्न विचारायचा तर उत्तर कोण देणार होतं? निवडणुकीनंतर विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदही रिकामं. या परिस्थितीत तुमचा तो तास जपून कुणाला काय मिळतंय?

वैतरणा

डिसेंबर २०२४ मध्ये जे झालं ते लाजिरवाणं होतं, त्यावर माझा वाद नाही. पण त्यातून निघतं ते हे की अधिवेशन लांबवा, खाती आधी वाटा, विरोधी पक्षनेता नेमा. यातून 'तास बंद करा' कसं निघतं ते मला खरंच समजलेलं नाही. मंत्री चुकवतोय म्हणून त्याला चुकवायचा हक्कच देऊन टाकायचा?

ज्या माहिती अधिकारावर तुमची भिस्त आहे त्याचंही सांगते. त्या कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये एक वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. सामान्य माणसाचा हक्क सभागृहाच्या हक्काला बांधलेला होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते वाक्य काढून टाकलं. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हणून तुमचा अर्ज फेटाळता येतो. एक दार असं अरुंद केलं जात असताना दुसरं तुम्ही स्वतःहून लावून घ्या म्हणताय.

मुळामुठा

ते वाक्य काढल्याचं मला माहीत नव्हतं, आता वाचलं. ठीक आहे, 'बंद करा' मागे घेतो. पण आहे तसा चालवण्यात अर्थ नाही, यावर मी ठाम आहे. दिलेलं प्रत्येक आश्वासन कधी पुरं झालं, ते गावाच्या नावासकट लोकांना शोधता आलं पाहिजे. ते होत नाही तोवर तुमचा उपप्रश्न हवेत.

शाळामास्तर

त्या यादीत जुन्या पेन्शनच्या समित्याही घाला. अहवाल येतात, पुढे काही नाही.

टाचणी

माझं मत बदललेलं नाही. खातं नेहमी आमदाराच्या पुढे असतं, कारण बहुतेक आमदार प्रश्न नीट लिहीतच नाहीत. 'पद रिक्त आहे काय' विचारलं की आम्ही प्रतिनियुक्ती दाखवून मोकळे.

विचारायचंच असेल तर असं विचारा. गेल्या बारा महिन्यांत, प्रतिनियुक्ती आणि अतिरिक्त कार्यभार वगळून, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी प्रत्यक्ष किती दिवस हजर होता. केंद्रनिहाय आणि महिनानिहाय माहिती पटलावर ठेवणार काय. 'केंद्रनिहाय' हा शब्द सोडू नका, नाहीतर जिल्ह्याची सरासरी येईल. 'प्रत्यक्ष' सोडलात तर मंजूर पदं मोजून देतील. हा प्रश्न माझ्या टेबलावर आला असता तर मला पळवाट सापडली नसती.

वैतरणा

आमच्या आमदारांकडे हाच मसुदा घेऊन जाते, शब्द न बदलता. पालघर जिल्ह्यासाठी.

वर्धेकर

पालघरवर थांबू नका. धारणी, चिखलदरा आणि अख्खा गडचिरोली त्यात घाला. आणि तो प्रश्न नागपूरच्या अधिवेशनात लागला पाहिजे.