प्रतिसाद: डिस्प्ले नावावरून सर्व्हिस शोधणं

प्रश्न असा होता, विंडोजची सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) तिच्या डिस्प्ले नावावरून, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या नावावरून, कोडमध्ये कशी शोधायची. त्यावर वर सुचवलंय की डिस्प्ले नाव विंडोजच्या गेटसर्व्हिसकीनेम या फंक्शनला द्यायचं, मिळालेलं मूळ नाव (विंडोज आत वापरतं ते) सर्व्हिस उघडणाऱ्या ओपनसर्व्हिस या फंक्शनला द्यायचं, की झालं. पद्धत बरोबर आहे. ओपनसर्व्हिसला थेट 'प्रिंट स्पूलर' दिलं तर १०६० ही चूक (अशी सर्व्हिस नाही) येते, कारण त्याला 'स्पूलर' एवढंच नाव कळतं. पण एक गोष्ट अजून कोणी मांडली नाही, डिस्प्ले नाव भाषेनुसार बदलतं. जर्मन विंडोजवर याच सर्व्हिसचं डिस्प्ले नाव जर्मनमध्ये असतं, त्यामुळे कोडमध्ये इंग्रजी नाव पक्कं लिहून ठेवलं तर शोध तिथे रिकाम्या हाताने परत येतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) बऱ्याचदा खरं डिस्प्ले नाव नसतंच, एखाद्या डीएलएल फाइलचा पत्ता आणि त्यातल्या मजकुराचा क्रमांक असतो. म्हणून रजिस्ट्री थेट वाचू नका, मूळ नावावरून डिस्प्ले नाव देणारं गेटसर्व्हिसडिस्प्लेनेम वापरा. कोडमध्ये, कॉन्फिग फाइलमध्ये कायम मूळ नावच साठवा आणि डिस्प्ले नाव फक्त स्क्रीनवर दाखवायला ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन.

मूळ नावाची तुलना करताना लहान-मोठ्या लिपीचा फरक धरू नका, सर्व्हिसेस सांभाळणारा विंडोजचा सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरही धरत नाही. दोन्ही नावांची मर्यादा २५६ अक्षरांची आहे. आणि विंडोज १० पासून काही सर्व्हिसेस प्रत्येक युजरसाठी वेगळ्या तयार होतात. त्यांच्या मूळ नावाला अंडरस्कोर आणि लॉगिनगणिक बदलणारी शेपटी जोडलेली असते, उदाहरणार्थ सीडीपीयूजरएसव्हीसी या नावापुढे. तिथे अख्खं नाव जुळवण्याऐवजी एनमसर्व्हिसेसस्टेटसईएक्स या फंक्शनने सगळ्या सर्व्हिसेसची यादी घेऊन सुरुवातीचा भाग तपासावा लागतो.