अनुभव धागा : उपासनेतलं गाणं, साउंड, नाटिका आणि चित्रं

नाताळ जवळ आला की सूर कोणता, चाल कुठली, माइक कुठे, हे प्रश्न दरवर्षी निघतात. ज्यांच्या हातात हे काम आहे त्यांनी नेमकं काय करता ते लिहा.

चाली बसवणारे

पाश्चात्त्य चालीवर मराठी गीत बसवताना नुसती अक्षरं मोजून भागत नाही. 8-6-8-6 मापाच्या (चार ओळींत अनुक्रमे इतकी अक्षरं) चाली आपसात बदलता येतात, पण त्यातल्या बऱ्याच चाली आघाताच्या आधीच्या सुरावर उठतात. तिथे पहिलं अक्षर हलकं हवं. 'प्रभू' छान बसतो : 'प्र' उचलीवर, 'भू' आघातावर. तिथेच 'येशू' ठेवला तर 'ये' घाईत उरकतो आणि सगळं वजन 'शू'वर पडतं. कागदावर हे दिसत नाही, गायला घेतलं की लगेच खटकतं. म्हणून आधी चाल टाळीवर 'ला-ला' करून म्हणा, टाळी पडेल त्या अक्षराखाली रेघ मारा आणि तिथे गुरू अक्षर येईल असे शब्द फिरवा. सगळ्यात उंच सुरावर 'आ' किंवा 'ओ' ठेवा. 'ई'वर गळा आवळतो.

अभंगाला ही कटकट नाही. मोठ्या अभंगाचं 6-6-6-4 माप मराठी तोंडात आधीपासून आहे. जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी 1616 सालच्या ख्रिस्तपुराण या काव्यासाठी ओवी निवडली, ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळक भजन-अभंगांकडे वळले. टिळकांची भजनं पुस्तक न उघडता म्हटली जातात, याचं अर्धं श्रेय मी या मापाला देईन.

पेटीवाले

छापील सूर बहुधा चार आवाजांत गाणाऱ्या गायकवृंदाच्या सोयीचा असतो, बाकांवरच्या लोकांच्या नाही. चालीतला सर्वांत उंच सूर शोधा. तो मधल्या सी-च्या वरच्या सप्तकातल्या डी-च्या पलीकडे जात असेल, तर सगळी चाल अर्धा-एक स्वर खाली घ्या. मात्र फार खाली ओढलीत तर बायकांचे आवाज ऐकूच येत नाहीत.

पेटी आणि कीबोर्ड एकत्र असतील तर पेटीला कीबोर्डशी जुळवायच्या फंदात पडू नका. रीड ऐनवेळी हलत नाहीत, कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग (सगळे सूर एकदम वर-खाली करायची सोय) हलतं. पेटीचा ए हा सूर 443 हर्ट्झ आणि कीबोर्डचा 440 असला की आवाज सेकंदाला तीनदा कमी-जास्त होतो, असे हेलकावे ऐकू येतात. दोन्हीकडे ए दाबून ठेवा आणि हेलकावे थांबेपर्यंत कीबोर्ड सरकवा. मग गिटारवाल्याला कीबोर्डवरून तारा लावायला सांगा. तो सवयीने मोबाइलचा ट्यूनर काढतो, तो 440 वर असतो, आणि सगळी मेहनत वाया!

दोन कडव्यांमध्ये श्वासाला ठरावीकच मात्रा द्या. एकदा दोन, एकदा तीन झाल्या की मागचे बाक मागेच राहतात.

साउंडचं काम

उंच छताखाली आवाज वाढवला की शब्द जास्तच हरवतात, कारण घुमाराही वाढतो. स्पीकर भिंतीकडे नको, लोकांच्या डोक्यांच्या रोखाने थोडा खाली झुकवा. मागच्या खांबावर जादा स्पीकर असेल तर डिले लागतोच, म्हणजे त्याचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडायचा. आवाजाला मीटरमागे साधारण 2.9 मिलिसेकंद लागतात; पुढच्या स्पीकरपासून 20 मीटर अंतर असेल तर 58 मिलिसेकंद आणि वर 10-15 डिले ठेवा. हे केलं नाही तर मागच्यांना संदेश दोनदा ऐकू येतो.

गायकवृंदाला दोन कंडेन्सर माइक (लांबूनही आवाज टिपणारे) पुरतात. माइक गायकांपासून 1 मीटरवर असेल तर दोन माइकांत 3 मीटर ठेवा. संदेश सुरू झाला की ते बंद करा, शिट्टी बहुतेक वेळा तिथूनच येते.

तरुण संघ

फिल्मी चालीवर उपासनेचं गीत नको. लोकांच्या डोक्यात मूळ शब्दच वाजतात. शिवाय मूळ ट्रॅक वापरून यूट्यूबवर टाकलंत की कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो.

नाटिका बसवणारे

बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, मत्तयाच्या शुभवर्तमानात येतात, मेंढपाळ लूकच्या. मागी किती होते हे मत्तय सांगत नाही. भेटी तीन म्हणून आपण तीन राजे उभे करतो. ते गव्हाणीपाशी नाही, घरात येतात. दोन वेगळे प्रवेश करा. वचनाला धरून होतं आणि मंचावरची रेटारेटीही टळते. सोने, ऊद, गंधरस यांचे डबे रिकामे ठेवा, मुलं ते पाडतातच.

चित्रांचं काम

गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांनी साडीतली मरिया रंगवली, त्यावरून टीकाही झाली. तशा शैलीतलं कागदावरचं जलरंग चित्र चर्चमध्ये लावणार असाल तर काच कागदाला टेकू देऊ नका. मधे आम्लरहित माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी हवी, नाहीतर ओल आत अडकून बुरशी धरते. उन्हाच्या खिडकीसमोर नको, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर तर मुळीच नको. दुसरी भिंत नसेलच तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा फिरेल.